फुल्वियाचे राखून ठेवलेले दिवस

उल्हासराव आमचे सिंगापुरातल्या बिशानचे शेजारी. पाया लेबारच्या एका ऑफिसात अकाउंटंट. घरातली नवी चादर पाहुण्यांसाठी कपाटात ठेवणारा माणूस. अशा माणसाने चाळीस वर्षं जुनी इटालियन गाडी घ्यावी, याचं मला कायम नवल वाटायचं. लाल लान्चिया फुल्विया, दोन दारांची, एवढीशी. १९७२ साली मोंते कार्लोच्या रॅलीत, बर्फाच्या घाटांत या फुल्वियाने भल्याभल्या दांडग्या गाड्यांना मागे टाकलं, हे ते लिफ्टमध्ये भेटलेल्यालाही ऐकवत.

त्यांची बायको नंदा माझी जिवाभावाची मैत्रीण. रॅलीत शेजारी बसलेला माणूस पुढचं वळण वाचून दाखवतो, हे कळल्यापासून ती म्हणायची, "माउंट फेबरच्या चढावर ते काम माझं हं." २०१४मध्ये तिला कॅन्सर निघाला, तेव्हा तर तिने त्या गाडीचा ध्यासच घेतला. "एवढीशी गाडी जिंकली, मीही जिंकेन," म्हणायची वेडी.

पण सिंगापुरात अशी जुनी गाडी कायद्याने वर्षातून पंचेचाळीसच दिवस रस्त्यावर काढता येते. उल्हासराव ते दिवस जपून ठेवायचे. हा वाढदिवसाला, तो मुलगा ऑस्ट्रेलियाहून येईल तेव्हा.

ऑगस्टमधल्या एका रविवारी नंदाला जरा बरं वाटत होतं. डॉक्टरांनीही बाहेर जायला परवानगी दिली होती. डोक्याला स्कार्फ बांधून, चपला घालून ती दारात उभी राहिली.

"अहो, आज जाऊ या ना."

"आज कशाला? दिवाळीला अनीश येतोय. तेव्हा थाटात जाऊ."

दिवाळीच्या नऊ दिवस आधी ती गेली.

तेरावं झाल्यावर मी भेटायला गेले, तर उल्हासराव खाली गाडीपाशीच उभे होते. "सुरेखावहिनी, एकोणचाळीस दिवस शिल्लक आहेत हो," म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, घाला चुलीत ते दिवस! ती होती तेव्हा एक दिवस तुमच्याच्याने खर्च झाला नाही?

पण कुठल्या तोंडाने बोलणार? त्या रविवारी मी तिथेच होते. मी तिची बाजू घेईन म्हणून नंदाने माझ्याकडे पाहिलं होतं. आणि मी हसत म्हणाले होते, "खरंच गं, दिवाळीलाच जा. मी फराळ बांधून देते."

मग ती खुर्चीवर बसून चपला काढायला लागली.