अक्काच्या ट्रॅक्टरचं सुपडं

अक्काच्या ट्रॅक्टरचं सुपडं मी वाकवलं, ही गोष्ट खरी आहे. पण त्यानंतर ते आजतागायत वाकलेलं नाही, हीही गोष्ट खरी आहे; आणि दोन्हींचं श्रेय माझंच आहे.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर चोपड्याजवळच्या एका गावात. मी धुळ्याला, देवपुरात, शाळेत विज्ञान शिकवायचो. (तरफ हा माझा हातखंडा विषय. तरफेवर मी तास संपल्याची घंटा झाल्यावरही बोलत असे.) त्या काळी पंचक्रोशीत ट्रॅक्टर एकच, तो अक्काच्या यजमानांचा, नानांचा. त्याच्या पुढे माती उचलायचं भलंमोठं लोखंडी सुपडं होतं. धरणाच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडून ते नानांनी आणलं होतं आणि घरच्या म्हशीपेक्षा जास्त जपलं होतं.

त्या वर्षी अक्कानं नाल्यापलीकडच्या तुकड्यात केळी लावली होती. सगळ्या भाऊबंदांनी तिला वेड्यात काढलं. "तठून घड आणशी कशी?" अक्का म्हणाली, "आणसु!" बाग अशी आली की भाऊबंद गप्प झाले. आणि घड उतरवायच्या आठवड्यातच नाल्याला पूर आला. उतारावर गाळ आणि धोंडे येऊन बसले, बैलगाडी पलीकडे जाईना. शुक्रवारी सकाळी सडकेवर केळीचा ट्रक येणार होता. तोवर वाट मोकळी झाली नाही, तर बाग जागेवर पिकणार आणि भाऊबंदांना पुन्हा तोंड फुटणार.

मी नेमका सुट्टीत तिथंच होतो!

"नाना, थोडं मला चालवू द्या ना," मी दोन दिवस घोशा लावला होता. बुधवारी नाना कंटाळून सीटवरून उतरले. गाळाचे चार घास मी बरे उचलले. मग समोर एक धोंडा आला. तेवढ्यानं माझ्यातला शिक्षक जागा झाला.

नाना ओरडले, "मास्तर, तो खोल शे! पहिले पहार लाईसन मोकळा करूत, मंग उचलूत."

"नाना, ही साधी तरफ आहे!" असं म्हणून मी सुपड्याचा एक कोपरा धोंड्याखाली घातला आणि सुपडं उचलायचा दांडा ओढला. धोंडा जिथं होता तिथंच राहिला. सुपड्याची कड मात्र पापडासारखी मुडपली.

अक्का धावत आली. "हाई काय करी ठेवं रे भाऊ? परवा ट्रक यी ऱ्हायना! घड काय डोकावर लई जाऊ?"

मी खाली बघितलं. खरंच खूप वाईट वाटलं मला.

ते सुपडं खोलून, बैल जुंपून, गावातून फरफटत आम्ही लोहार आबांकडे नेलं. (ट्रॅक्टर आल्यापासून आपल्याला कोणी विचारत नाही, असं ज्या बैलांना वाटत होतं, त्यांनी त्या दिवशी मान वर करून रस्ता कापला.) सुपडं आबांच्या भट्टीत मावण्यासारखं नव्हतं. आबांनी एक डोळा मिटून वाकलेल्या कडेवरून नजर फिरवली, "हूं" म्हणाले आणि अंगणात गोवऱ्या रचायला लागले. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती जशी गोवऱ्यांच्या आरात तापवतात, तसा त्यांनी तो कोपरा तापवला. लाल झाल्यावर आबा छोट्या हातोडीनं एक ठिकाण दाखवायचे, 'टिक्'. तिथंच त्यांची बायको घण घालायची, 'धाड्'. टिक्, धाड्. एक शब्द नाही, एक घाव वाया नाही. तासाभरात कड अशी सरळ झाली की मी पट्टी लावून पाहिली आणि पट्टीच वाकडी निघाली! असे हात मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत. (मीही घण उचलून पाहिला. चौथ्या घावाला काकूंनी तो माझ्या हातून हळूच काढून घेतला.)

आता ते पुन्हा वाकू नये म्हणून जोड द्यायचा होता. आबा म्हणाले, "जुनी धाव तोडीसन दोन पट्ट्या ठोकस. बस व्हतीन."

"दोन?" मी खडू काढला आणि आबांच्या भिंतीवर आकृती काढली. "कडेला दोन, पाठीला तीन, कोपऱ्यांना चार, आणि तळाला आडव्या-उभ्या..."

"जड व्हई जाई, मास्तर."

"आबा, मजबुती महत्त्वाची!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. नाना बिचारे मेहुण्याच्या शिक्षणाला मान देणारे. गुरुवारी दिवसभर गावातल्या सगळ्या मोडक्या चाकांच्या धावा तापवलेल्या रिबिटांनी, म्हणजे जाड लोखंडी खिळ्यांनी, त्या सुपड्यावर बसल्या. परत नेताना बैल चार लागले. हे लक्षण मी ओळखायला हवं होतं.

शुक्रवारी उजाडताच सगळं गाव नाल्यावर. नानांनी सुपडं गाळात घातलं, भरलं आणि दांडा ओढला. सुपडं उचललं गेलं नाही. ट्रॅक्टरची मागची चाकं उचलली गेली!

"अरे धरा रे!" नाना सीटवरून ओरडले. "मी वर चालनू!"

अर्धं भरून पाहिलं, तरी तेच. रिबिटं तोडायला वेळ नव्हता. सडकेवरून ट्रकचा भोंगा ऐकू आला. लोक माझ्याकडे बघायला लागले आणि मला गुरुत्वमध्य, तरफ, टेकू यातलं काहीसुद्धा आठवेना.

अक्का कमरेला पदर खोचून पुढं आली. शाळेत ती चौथीपर्यंत. "काय दखी ऱ्हायनात? धुरजड व्हयनं हाई! गाडी पुढे जड व्हयनी का मांगे वजन टाकतस नं? मंग टाका मांगे!"

मग धावाधाव! ट्रॅक्टरच्या मागं फळी बांधली, धोंडे भरलेली दोन पोती तिच्यावर चढवली. चाकं अजून थोडी उठत होती. तिसरं पोतं सापडेना. अक्काची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"तुनं वजन किती शे रे भाऊ?"

"अक्का, मी पदवीधर आहे!"

"व्हय, पन जड बी शेस नं!"

मी दोन पोत्यांच्या मधोमध बसलो. सुपडं अलगद उठलं, गाळ बाजूला पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांना म्हणे. मी उलटा बसलो होतो, मला फक्त मागं पळत येणारी कुत्री दिसत होती. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. घडांनी भरलेल्या अक्काच्या गाड्या माझ्यासमोरून सडकेवर थांबलेल्या ट्रककडे गेल्या, आणि पहिल्या गाडीवर ती स्वतः उभी होती, भाऊबंदांच्या घरावरून मुद्दाम सावकाश नेत. अशी बहीण असल्याचा मला त्या फळीवरही अभिमान वाटला.

सुपडं अजून शाबूत आहे. दर पावसाळ्यानंतर अक्काचं पत्र येतं: "नाला बुजना. सुट्टी काढीसन ये. आणि भाऊ, पोटभर जेवत जा, बारीक व्हऊ नको." बायको ते वाचून डोळे पुसते. "बघा, याला म्हणतात बहिणीची माया!" आणि माझ्या पानात तुपाची धार सोडते.

मी जेवत राहतो. यंदा डॉक्टरांनी मला दहा किलो उतरवायला सांगितलं आहे. मी म्हटलं, आधी अक्काला विचारावं लागेल.