फुलीवर सही

"इथं. फुलीवर."

एवढं बोलून काका कागद आपल्याकडे सरकवायचे. सही कुठे करायची तिथे त्यांनी आधीच पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असायची. सही झाली की खिशातून खोडरबर काढून ती फुली इतक्या हलक्या हाताने खोडायचे, की तिथे काही होतं हे शपथेवर सांगूनही कुणाला पटलं नसतं. डब्लिनच्या टॅला भागातल्या निम्म्या मराठी मंडळींनी त्या फुलीवर सह्या केल्या आहेत. तुम्ही त्या वर्षांत तिथे असता, तर तुम्हालाही त्यांनी सोडलं नसतं.

कराडच्या एका बँकेत जन्मभर कारकुनी करून काका निवृत्त झाले होते. काकू गेल्यावर, २०१४च्या सुमारास, लेकीने त्यांना डब्लिनला आणलं. लेक नर्स, मी तिची शेजारीण.

ओळख झाली की माणसं हवापाणी विचारतात. काका विचारायचे, "वडिलांचं पूर्ण नाव? आणि जुना पत्ता?" मला वाटलं, स्थळ बघतायत. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

दहा वर्षं खात्याकडे कुणी फिरकलं नाही, की आपल्याकडच्या बँका ते पैसे सरकारी निधीत भरतात आणि खातेदारांच्या नावांची यादी वेबसाइटवर लावतात. दर शनिवारी सकाळी काका वाचनालयातल्या कॉम्प्युटरसमोर बसून एका बोटाने या याद्या चाळायचे. माझ्या वडिलांचं विसरलेलं खातं त्यांनीच शोधलं. रक्कम किरकोळच होती. पण बँकेने सोबत वडिलांच्या सहीची नक्कल पाठवली आणि ती फोनवर बघून मी ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात, भर मीटिंगमध्ये रडले.

आमच्या पलीकडे एक आयरिश आजी राहायच्या. त्यांच्या आईचं जुनं पासबुक प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, चादरींखाली सापडलं. आयर्लंडमध्येही पंधरा वर्षांनी असे पैसे सरकारकडे जातात, पण वारसांचा हक्क जात नाही. काकांचं इंग्रजी बेताचं, आजींचं मला अजूनही धड कळत नाही. तरी दोघांनी मिळून अर्ज भरला.

"इज दॅट ग्रँड?" आजींनी विचारलं. ग्रँड म्हणजे तिकडे ‘ठीक’.

"ग्रँड. साइन ऑन फुली," काका म्हणाले.

शनिवारी वाचनालयातून उठायच्या आधी मात्र काका एकच यादी पुन्हा उघडायचे. त्यांच्याच बँकेची. एका नावावर बोट ठेवायचे आणि बंद करायचे. एकदा मी विचारलंच.

"माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "तरणाबांड होता, घरातनं निघून गेला. नाव हाय यादीत, म्हंजे अजून आला न्हाई पैसे न्यायला."

मी पडले उत्साही बाई. पुढच्याच शनिवारी वारसाचा अर्ज छापून नेला. वर समजावलंसुद्धा, की सात वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर कोर्ट त्याला मृत ठरवतं, मग पैसे तुम्हालाच मिळतील. काकांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"पोरी, हा फॉर्म मेलेल्याचा हाय."

त्यानंतर तीन शनिवार ते वाचनालयात आले नाहीत. माझ्या आगाऊपणाची मला आजही लाज वाटते.

चौथ्या शनिवारी आले. परतताना बसथांब्यावर भुरभुर पाऊस होता, बसचा पत्ता नव्हता. माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले.

"मी नवा होतो काउंटरला. साठवलेलं सगळं काढायला आला धाकटा. गॅरेज टाकायचं होतं त्याला. सही जुळंना. म्हटलं, पुन्हा कर. तीनदा करायला लावली, लोकांदेखत. लोक हसाय लागले. जुळली न्हाई."

"सख्खा भाऊ ना तुमचा?"

"म्हणून तर. लोक म्हणाले असते, भावाला सूट दिली. स्लिप फेकून गेला. घरी यायचा म्हणून ताट झाकून ठेवलं होतं आईनं."

बस आली तरी ते उठले नाहीत. आम्ही पुढच्या बसने गेलो.

२०१९च्या हिवाळ्यात काका गेले. लेकीने त्यांच्या फायली माझ्याकडे आणून दिल्या. म्हणाली, "यातलं तुलाच कळेल." कुणाचंच काम अर्धवट नव्हतं. अपूर्ण फाइल एकच होती, सगळ्यात खाली.

आत भावाच्या नावाचा अर्ज होता. वारसाचा नव्हे. खातेदाराने स्वतः येऊन बंद पडलेलं खातं पुन्हा सुरू करायचा. नाव, पत्ता, खाते क्रमांक, सगळं काकांच्या बँकेतल्या वळणदार अक्षरात भरलेलं.

दर शनिवारी आता मी ती यादी उघडते. नाव अजून आहे. तो अर्ज मी कपाटात जपून ठेवलाय, शेजारी त्यांचा खोडरबर. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली आहे आणि तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: "कशीबी कर. जुळवायची न्हाई."