भिंतीतलं काळं मेण

माझी शाळा चौथीत सुटली, पण दात कुठं सुटले? पंचाहत्तरी झाली तरी चकली कडाकड खातो. कुणाला मोजायचे असतील तर आ करून दाखवतो.

याचं कारण मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीत आहे. तळमजल्यावरच्या माझ्या खिडकीशेजारी एक भेग आहे, तिच्यात डासाएवढ्या काळ्या माश्या राहतात. मधमाश्याच, पण डंख नाही. भेगेच्या तोंडाशी त्या काळं, चिकट मेण लावतात. गावी कोकणात माझा बाप असलंच मेण वाटाण्याएवढं घेऊन जेवणानंतर चघळायचा, हिरडी ठणकली की तिथं दाबून ठेवायचा. मीही तेच करतो. गिरणीत असताना लागलेली तंबाखू या मेणानंच सोडवली.

नात दातांची डॉक्टर होतेय. ती म्हणाली, "आजोबा, मेण चघळायचं तर चघळा. पण झोपताना हिरड्यांना मध चोपडता ना, तो बंद. साखरच ती."

"मधाला साखर म्हणतेस? हेच शिकलीस काय?"

"आ करा."

तिनं आरसा घालून मला माझ्याच दाढेतलं भोक दाखवलं. मध बंद केला, दाढ भरून घेतली, दोन वेळा ब्रशही करतो. तेवढं तिचं खरं. मेण मात्र माझं.

मग गेल्या महिन्यात सोसायटीनं बाहेरच्या प्लास्टरचं काम काढलं. एका सकाळी सेक्रेटरी गवंड्याला सांगत होता, "ही भेग आधी भर."

मी बनियनवरच बाहेर गेलो आणि भेगेला पाठ लावून खुर्ची टाकली.

"काका, उठा. भिंतीत पाणी मुरतंय."

"माझ्या घरात मुरतंय ना? तुझं काय जातं?"

"अहो, किडे आहेत ते! पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू?"

"बोलाव. पहिला फवारा माझ्यावर मारायला सांग."

बायको खिडकीतून ओरडली, "अवो, आत येवा! लोकां हसतत."

"हसूदे. माझे दात आहेत तोवर मीपण हसतो."

दुपारी तिनंच खिडकीतून ताट दिलं. खुर्चीतच जेवलो, मागं हात घालून मेण तोडलं आणि सगळ्यांसमोर चघळत बसलो. गवंड्यानं कालवलेला माल घट्ट व्हायला लागला होता. तो कंटाळून म्हणाला, "बाबा, करू काय ते तरी सांगा."

"वायरीचा पाइप असतो ना, त्याचा बोटभर तुकडा भेगेत बसव. तोंड उघडं ठेव, बाजूनं भर."

सेक्रेटरी वैतागला. "काका, हे सकाळीच सांगायचं होतं ना!"

"सकाळी तू विचारलंस कुठं? 'उठा' म्हणालास."

पाइप बसला. दोन दिवस एकही माशी बाहेर आली नाही. मी दर तासाला जाऊन बघायचो, बायकोशीही धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पाइपाच्या तोंडाला काळी कडा दिसली, केसाएवढी बारीक.

ती मी अजून तोडलेली नाही. आधी त्यांचं दार बांधून होऊ दे. तोवर हिरडी ठणकली तर ठणकली. आता रंगवाले येणार आहेत म्हणे. येऊ देत. खुर्ची मी अजून आत घेतलेली नाही.