भाग्यश्रीने परत पाठवलेले रिले

भाग्यश्री सोळा वर्षं अंबडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये टाइमर रिले सेट करायची. पंपाच्या पॅनेलमधली ही काड्यापेटीएवढी डबी. पंप सुरू झाला की ती ठरलेले सेकंद थांबते आणि मग मोटरला पूर्ण ताकद देते. किती थांबायचं ते बाहेरून जोडलेल्या रेझिस्टरवर ठरतं. रेझिस्टर मोठा, तर वेळ जास्त. भाग्यश्री प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजूनच लावायची.

मालकाचा पुतण्या रविराज कारभार बघू लागला आणि त्याने स्वस्तातले, हलक्या प्रतीचे रेझिस्टर आणले. "ताई, मोजत बसू नका. रंगाचे पट्टे बघा आणि लावा."

"पट्टे एक सांगतात, मीटर भलतंच दाखवतं," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

महिनाभरात माल परत आला. दहा सेकंदांचे रिले सात-आठ सेकंदांतच सुटत होते, मोटरी ट्रिप होऊन बंद पडत होत्या. चिडलेल्या ग्राहकासमोर रविराज शांतपणे म्हणाला, "आमच्या बाईंनी तपासलेच नाहीत." शेजारच्या टेबलावरच्या सिंधुबाईंना खरं माहीत होतं, पण त्या मान खाली घालून बसल्या. भाग्यश्री जेवणाचा डबा न उघडताच घरी गेली ती परत आली नाही.

भांडी घासताना, बसची वाट बघताना ते वाक्य तिला ऐकू यायचं. ते विसरावं असं तिला कधी वाटलंच नाही.

वर्षभराने सातपूरच्या एका पॅनेल कंपनीत तिला माल तपासणीची नोकरी लागली. पुरवठादारांच्या यादीत जुन्या वर्कशॉपचं नाव होतं. आपण तिथे होतो हे तिने साहेबांना सांगितलं नाही. पहिल्या खेपेतले दोनशे रिले तिने एकेक करून लावून तपासले. एकतीस चुकीचे निघाले. सगळी खेप तिने परत पाठवली आणि घरी जाऊन शिरा केला.

दुसऱ्या खेपेबरोबर रविराज स्वतः आला, सिंधुबाईंना घेऊन. आता तो तिला मॅडम म्हणत होता.

"भाग्यश्री, यातला एकेक मी मोजून लावलाय गं," सिंधुबाई म्हणाल्या.

ते खरं होतं. एकही रिले अर्ध्या सेकंदाहून जास्त चुकत नव्हता आणि कंपनीला तेवढा फरक चालत होता. भाग्यश्रीने तपासणीच्या कागदावर मर्यादा पाव सेकंद लिहिली. चाळीस रिले त्यात बसले नाहीत.

"मॅडम, आणखी एक संधी द्या. दुसरं गिऱ्हाईक नाही आमच्याकडे."

"तुमच्या बाईंनी नीट तपासले नसतील," ती म्हणाली. रविराजचा चेहरा पडला. तो तिने डोळे भरून पाहिला.

साहेबांनी तिच्या भरवशावर सही केली. वर्कशॉपचं काम गेलं आणि रिलेचं टेबल बंद झालं. सिंधुबाईंना घरी बसावं लागलं.

दिवाळीआधी त्या पंचवटीच्या भाजीबाजारात भेटल्या. भाग्यश्रीने हाक मारली.

"माझे रिले चांगले होते ना?" सिंधुबाईंनी एवढंच विचारलं.

"होते."

त्या मेथीची जुडी तशीच ठेवून गर्दीत निघून गेल्या. भाग्यश्री त्यांच्या मागे चार पावलं गेली आणि थांबली. सिंधुबाईंच्या घरी जाऊन यावं असं तिला अजून वाटतं, पण ती गेलेली नाही. रविराजबद्दल मात्र तिला आजही काही वाटत नाही.