काटा साठवर
आमच्या ह्यांचं गॅरेज पोलादपूरला, हायवेवरून आत वळलं की लगेच. तीस वर्षं झाली. बोलणं कमी. बोनेटवर हात ठेवून डोळे मिटतात, तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं देवाचं नाव घेतायत. ते इंजिन ऐकत असतात. देवाचं नाव मी घेते, दोघांच्या वाटचं.

उमरठच्या वरच्या वाडीतल्या महिपतीकाकांची जीप एकोणीसशे सदुसष्टची, वडिलांनी घेतलेली. मधे कधीतरी तिला डिझेल इंजिन बसलं. चढाला बैलासारखी, पण सपाटीला पन्नासच्या पुढं गेली की किंचाळायची. त्यांची लेक अपेक्षा पनवेलला दिलेली. तिला दिवस गेल्यापासून फेऱ्या वाढल्या, आणि प्रत्येक फेरीनंतर गोदूकाकींचं डोकं दोन दिवस दुखायचं.

"किशोर, हिचा आवाज बंद कर रे," काका म्हणाले. "नायतर म्हातारी एसटीनं जायची नि मी एकटाच."

"इंजिनाचा दोष नाही, चाकं फिरवणारे दाते झिजलेत, तेच किंचाळतात," हे म्हणाले. शिवाय टॉप गीअरमध्येसुद्धा चाक एकदा फिरायला इंजिनाला जवळजवळ साडेपाच फेरे मारावे लागत. ह्यांनी महाडच्या भंगारातून नंतरच्या जीपचे दात्यांचे दोन चांगले जोड शोधून आणले, एक पुढच्या चाकांसाठी, एक मागच्या. आता सव्वाचार फेऱ्यांत भागणार होतं. चढाला लो गीअर होताच.

ट्रायलला दोघं महाडच्या दिशेनं गेले. काटा साठवर, आणि गाडी गप्प. काका खूश. पण ह्यांचं लक्ष किलोमीटरच्या दगडांवर. साठच्या वेगाला दोन दगडांमध्ये एक मिनिट लागायला हवं. घड्याळात अठ्ठेचाळीसच सेकंद झाले. काट्याची केबल गीअरबॉक्सवरून येते. त्याच्या पलीकडचे, चाकांजवळचे दाते बदलले हे काट्याला कळायचं कसं? तो साठ दाखवत होता, गाडी पंचाहत्तरनं पळत होती.

काकांची शपथ तर सगळ्या वाडीला माहीत. वीस वर्षांपूर्वी आंबेनळीच्या उतारावर जीप कठड्याला जाऊन टेकली, काकी आत होत्या. त्यानंतर त्यांनी काकांना ग्रामदेवीपुढं उभं करून वदवून घेतलं होतं, की काटा साठच्या पुढं जाणार नाही. गेला तर त्या पुन्हा गाडीत बसणार नाहीत.

"मग काय बिघडलं?" काका म्हणाले. "शपथ काट्याची हाय. काटा साठवरच हाय. तिला नको सांगू."

हे जेवायला आले ते भाकरी मोडून नुसते बसले. मी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. "सांगितलं तर ती बाई माझ्या हातच्या गाडीत परत बसायची नाही," म्हणाले.

मी म्हटलं, "उद्या त्या नारळ घेऊन येणार. नारळापुढं उभं राहून काय बोलवतं ते बघा."

दुसऱ्या दिवशी काकी आल्या. नारळ फोडायच्या आधी ह्यांनाच विचारलं, "साठच ना रे?"

हे हातातलं फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, "नाही काकी. काटा साठ दाखवतो तेव्हा पंचाहत्तर असतात."

काकी काकांकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"शपथेत काटाच म्हटलेलास गो तू."

"मी काय काट्याशी लगीन लावलंय? शपथ तुम्हाला घातली व्हती!"

शेजारचा पंक्चरवाला हसला. हे हसले नाहीत. "काकी, एक फेरी बसा. काटा अठ्ठेचाळीसवर ठेवतील काका, म्हणजे खरे साठ. नाही पटलं तर जुने दाते परत बसवतो."

काकी नारळ मांडीवर घेऊन पुढं बसल्या, आम्ही दोघं मागं. काका रुसून चालवत होते. मोटारी सपासप पुढं जायला लागल्या तसे पुटपुटायला लागले.

काकी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अगो बाय! गाडी चालवताना हे एवढ्या शिव्या देतात?"

"पहिल्यापासून," काका म्हणाले. "तुला आज ऐकू येतंय."

परत आल्यावर काकींनी नारळ फोडला. ह्यांनी काट्यावरची काच काढून अठ्ठेचाळीसवर लाल रेघ मारली.

आठवड्यानं काकांचा पनवेलहून फोन आला. "एसटीसुद्धा हॉर्न मारत पुढं गेली रे. पार लाज काढलीस."

"आणि काकी?"

"ती कुठं बघत व्हती? माणगावपासनं झोपली."