अर्धा श्वास आधी

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात पत्र्याची एक हिरवी पेटी असून ती उघडण्यास सक्त मनाई आहे. अभिलेखागारात जंगल कामगार सोसायट्यांची दप्तरं आहेत, ग्रामसभांचे ठराव आहेत, गावोगावच्या नाटक मंडळांचे कागद आहेत. कोणीही यावं, अर्ज भरावा, वाचत बसावं. कुलूप फक्त या एका पेटीला. आणि ते लावायला सांगणारा कोणी मंत्री नव्हता, न्यायाधीश नव्हता. धानोरा रस्त्यावरच्या एका गावातल्या नाटक मंडळाचा तो प्रॉम्प्टर होता. दौलतभाऊ.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. प्रॉम्प्टर विंगेत बसतो आणि अडलेल्या नटाला पुढचा शब्द देतो. दौलतभाऊंनी हे काम चाळीस वर्षं केलं, आणि त्यांची खोड अशी की विंगेबाहेर आल्यावरही ते थांबत नसत. आमची पहिली भेट चहाच्या टपरीवर झाली. मी तोंड उघडलं आणि कानामागून कोणीतरी पुटपुटलं, "दोन कट, एकात साखर कमी." साखर कमी हे यांना कसं कळलं, असं विचारायला मी वळलो, तर त्याचंही उत्तर तयार होतं. "पोटाकडे पाह्यलं, बाबू."

एकदा ग्रामसभेत त्यांच्याच विरोधात एक जण तावातावानं बोलायला उभा राहिला. दौलतभाऊंनी मंडळाचा पडदा स्वतःच्या घरी कसा वापरला, एवढं सांगून झालं आणि गडी मध्येच अडकला. दौलतभाऊ समोरच बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच शब्द दिला, "खुर्च्या. खुर्च्याईचं राह्यलं." त्या माणसानं खुर्च्यांचं घेतलं आणि दौलतभाऊंना आणखी दहा मिनिटं झोडपलं. नंतर मी त्यांना याबद्दल छेडलं, तर म्हणाले, "अडलेला माणूस पाहवत नाई मले. मंग तो कोणाले शिव्या देऊन राह्यला, हे पाहाचं नसते."

मात्र प्रॉम्प्टिंग म्हणजे नुसतं वाचून दाखवणं, असं कोणी म्हटलं की ते चिडत. त्यांचं शास्त्र वेगळं होतं. "विसरला का थांबला, हे समजलं पाह्यजे. थांबलेल्याले शब्द देला तं त्याचा अपमान. विसरलेल्याले नाई देला तं आपला."

आता त्यांच्या मंडळाच्या नायकाकडे येऊ. सोमाजीभाऊ. उंचपुरा माणूस, आवाज असा की मागच्या रांगेतली झोपलेली पोरं उठून बसत. त्यांच्या दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. एक पाठांतर. नवं नाटक असो की जुनं, शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं हसणं. प्रत्येक मोठ्या संवादाआधी ते छाती फुगवून लांबलचक हसत. राजा असोत, पाटील असोत की मुलाला घराबाहेर काढणारा बाप असोत, हसणं ठरलेलं. तीन तालुक्यांतली पोरं त्या हसण्याची नक्कल करत. मीही केली आहे. मार खाल्ला आहे.

दौलतभाऊंच्या घरात वाळवी लागली तेव्हा त्यांनी मंडळाच्या वह्या विद्यापीठाला द्यायचं ठरवलं. पेटी आणायला मी गेलो. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक वहीच्या पानांवर क्रमांक घालावे लागतात. दौलतभाऊ पेटीसोबतच आले होते. ते बाजूला बसले आणि मी क्रमांक घालू लागलो. इतर नटांच्या संवादांशेजारी पेन्सिलीची एखाददुसरी खूण होती. इथं अडतो, इथं पान खातो, इथं खरंच रडतो. सोमाजीभाऊंचा मात्र प्रत्येक संवाद पेन्सिलीच्या रेघांनी श्वासाश्वासाला तोडलेला होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि प्रत्येक मोठ्या संवादाआधी समासात एकच शब्द होता. 'हस.'

मी मान वर केली. दौलतभाऊ माझ्याकडेच पाहत होते.

"पाह्यलं? आता विसरा," ते म्हणाले.

मग त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. झाडीपट्टीत प्रत्येक नट आपले संवाद वहीतून उतरवून नेतो आणि घरी पाठ करतो. त्या उताऱ्याला नक्कल म्हणतात. सोमाजीभाऊंनी कधीच उतरवून घेतली नाही, म्हणून दौलतभाऊंनी स्वतः लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सोमाजीभाऊ म्हणाले, बकरीनं खाल्ली. पुन्हा दिली, पुन्हा बकरी. "तिसऱ्यांदाही बकरीच. चवथ्यांदा मी काई विचारलंच नाई. त्याले म्हटलं, तू लांब हस. तेवढ्यात मी ओळ देतो." चाळीस वर्षं दौलतभाऊ अर्धा श्वास आधी बोलले आणि सोमाजीभाऊ अर्धा श्वास नंतर. नक्कल का चालत नाही, यावर मात्र त्या दोघांनीही एकमेकांशी एक शब्द काढला नाही.

देणगीच्या अर्जात 'निर्बंध' असा एक रकाना असतो. तो बहुधा रिकामाच राहतो. दौलतभाऊंनी मला त्यात लिहायला लावलं की सोमाजी जिता आहे तोवर पेटी बंद. आमच्या साहेबांनी कुरकुर केली. नाट्यसंशोधनाचं नुकसान होईल म्हणाले. दौलतभाऊंनी शांतपणे समजावलं की सोमाजीला दमा आहे, संशोधनाला फार वाट पाहावी लागणार नाही.

पण आधी गेले ते दौलतभाऊच. ताप आला, चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी गेले. जाताना काही बोलले का, असं मी घरी विचारलं. सून म्हणाली, डॉक्टरला औषधाचं नाव आठवत नव्हतं, ते यांनी सांगितलं.

शोकसभा नाटकाच्या मैदानावरच होती, दुपारी. विद्यापीठातर्फे हार घेऊन मी गेलो होतो. सरपंचांनी भाषणात दोघांनाही गौरवलं. एकाचा आवाज कधी ऐकू आला नाही, म्हणाले, आणि दुसऱ्याला पानंच्या पानं पाठ. मग त्यांनी सोमाजीभाऊंना दोन शब्द बोलायची विनंती केली.

सोमाजीभाऊ काठी टेकत उठले. दौलतभाऊंच्या फोटोला नमस्कार केला. माईकसमोर उभे राहिले, छाती फुगवली आणि हसले. तेच लांबलचक, ठसक्यातलं हसणं, हार घातलेल्या फोटोशेजारी. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सरपंच अर्धवट उठले. हसणं संपलं आणि सोमाजीभाऊंनी मान डावीकडे वळवली, जिथं एरवी विंग असते. तिथं पाण्याचे कॅन होते.

विसरले की थांबले, हे त्या मैदानावर एकट्या मला कळत होतं, आणि शब्द माझ्याकडे नव्हता.

त्यांनी बराच वेळ तिकडे पाहिलं. मग माईक चालू आहे याचं भान न राहता, फोटोकडे वळून ते बोलून गेले, "मले वाचता येत नाई हे एकट्या दौलतलेच मालूम होतं. आता कोणालेच मालूम नाई."