डीव्हीडीतला दोनशे तेरावा फोटो

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी चौथीपर्यंत शिकले, पण अंगात आलेल्या बाईपुढे कधी हात जोडले नाहीत. मासिकात लोकांचे असे अनुभव येतात, ते वाचते आणि रद्दीत ठेवते. तरी आज माझाच लिहितेय... वहीत का होईना. तोंडानं सांगायला मला जमत नाही.

आम्ही कळंबोलीला राहतो. आमचे हे वाशीच्या मार्केटात माथाडी होते, चार वर्षांपूर्वी गेले. सारिका आमची एकुलती लेक. तिचं लग्न गेल्या वैशाखात झालं. हळद बिल्डिंगच्या गच्चीवर होती. सगळ्या सवाष्णी वर, आणि मी खाली घरात पुऱ्या तळत होते. कुणी अडवलं नव्हतं, खोटं कशाला लिहू. मीच गेले नाही. माझा हात लागून पोरीच्या संसाराला काही झालं तर — एवढंच मनात होतं. शेजारच्या शेवंताकाकू माझ्याजवळ बसून पुऱ्या लाटत होत्या. वर गाणी सुरू झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कढईत बघत राहिले.

सारिकाचं सासर साताऱ्याकडे. तिच्या सासऱ्यांना टीव्हीला लावून बघायला डीव्हीडीच हवी होती. सारिकानं दोनशे बारा फोटो निवडून फोटोवाल्या दादांना कळवले. मी दुपारी दुकानात आणायला गेले, तर दादा वैतागलेले.

"मावशी, तुमच्या डीव्हीडीनं डोकं फिरवलंय. टाकतोय दोनशे बारा आणि चढतायत दोनशे तेरा."

तीन डिस्क वाया गेल्या होत्या. त्यांनी मला समजावलं, की कॉम्प्युटर स्वतःच्या कामाच्या बारीकसारीक फाइली लपवून ठेवतो आणि डिस्क बनवताना कधीकधी त्याही चढतात. त्या त्यांनी पुसल्या होत्या. नवा फोल्डर केला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. पण एक फाइल काही जाईना. शिवाय ती बारीकही नव्हती, चांगली फोटोएवढी जड होती. शेवटी त्यांनी लपलेल्या फाइली दाखवायची सेटिंग चालू केली. सगळ्या फोटोंमध्ये एक फिक्कट चौकोन आला. त्यांनी तो उघडला.

सारिकाचा चेहरा. डोळे मिटलेले. गालावर हळदीनं माखलेला एक हात, मनगटापर्यंतच दिसणारा. त्या हातात हिरवा चुडा नव्हता, एकच साधी बांगडी होती. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं... माझं विळीनं चिरलंय तसंच.

दादांनी काउंटरवरच्या माझ्या हाताकडे बघितलं. मी तो पदराखाली घेतला. कॅमेऱ्याचं कार्ड लावून त्यांनी हळदीचे सगळे फोटो नंबरानं तपासले. एकही नंबर गाळलेला नव्हता आणि त्यात हा फोटोही नव्हता.

मी तिथूनच सारिकाला फोन लावला. हळद शेवटी कुणी लावली, विचारलं.

"तूच की," ती म्हणाली. "डोळ्यात जाईल म्हणून मी डोळे मिटले होते, पण तुझा हात कळत नाय होय मला? किती वाट बघत होते मी तुझी... का गं?"

काही नाही म्हणून मी फोन ठेवला. दादांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग हळूच म्हणाले, "डिलीट होत नाही. पण लपलेला ठेवला तर टीव्हीवर बहुतेक दिसणार नाही. नाहीतर ही लपवायची टिक काढतो, मग सगळ्यांना दिसेल. व्याह्यांनाही."

चार माणसांत मी मान वर करत नाही. त्या दिवशी कसं तोंडून निघालं माहीत नाही.

"काढा टिक," मी म्हणाले.

शेवंताकाकू आजही शपथेवर सांगतात, की मी कढईपासून हलले नाही. मलाही तेच आठवतं. मग तो फोटो कुणी काढला, कुठून आला, मला सांगता येणार नाही. दादांनाही नाही.

डीव्हीडी सारिकाच्या सासरी मीच घेऊन गेले. टीव्हीवर तो फोटो आला तेव्हा सारिका माझ्या शेजारी बसली होती. विहीणबाईंनी विचारलं, हा हात कुणाचा?

मी म्हणाले, "माझा."